‘पायस’ की इमल्शन? आणि अंगात नाहीशा होणाऱ्या पॉलिमरला काय म्हणायचं?

पोस्टरवाली_सोलापूर
विज्ञान दिनासाठी कॉलेजात लसींवर मराठी पोस्टर करतेय. एका ओळीवर अडलंय. लस पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या, इमल्शनमधून (एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब) द्यायची आणि ते पॉलिमर नंतर शरीरातच नाहीसं होतं, एवढंच सांगायचंय. मी लिहिलं, ‘जैवविघटनशील बहुवारिकाच्या पायसातून लस’. बहुवारिक म्हणजे पॉलिमर, पायस म्हणजे इमल्शन. आईनं वाचलं आणि विचारलं, खिरीतून देणार का गं? सर म्हणतात, पायस हाच पारिभाषिक शब्द आहे, बदलायचा नाही. शिवाय ‘विरघळणारं पॉलिमर’ चालेल का? टाक्यांना विरघळणारे टाके म्हणतोच की आपण.

औषधनिर्माण
‘विरघळणारं’ नको. साखर विरघळली तरी साखरच राहते, पाणी आटवलं की परत मिळते. इथे जे पॉलिमर वापरतात त्या पीएलजीएची साखळीच पाण्यानं तुटते. उरतं लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल, ते शरीर वापरून टाकतं. दोन्ही घटक निम्मे-निम्मे असले तर महिना-दोन महिन्यांत काम संपतं, लॅक्टिकचा वाटा ७५ टक्के केला की जास्त टिकतं. सगळी गंमत या वेळेत आहे. एकाच सुईत आजचा डोस आणि पुढचा बूस्टर, दोन्ही. धनुर्वाताच्या लसीवर १९९०च्या दशकात याच आशेनं खूप काम झालं.

जुनी_पेठ
मग ‘जिरणारं’ म्हणा. औषध अंगात जिरतं, पाणी जमिनीत जिरतं. आपला शब्द आहे, पोस्टर वाचणाऱ्या बाईला कोशात बघावं लागणार नाही.

औषधनिर्माण
काका, जमिनीत जिरलेलं पाणी पाणीच असतं. साखरेचीच अडचण परत आली. ‘झिजणारं’ही बसत नाही, कारण हे कण साबणाच्या वडीसारखे वरून झिजत नाहीत. पाणी आत शिरतं आणि सगळा कण एकदम आतून खिळखिळा होतो. ‘कुजणारं’ म्हटलं तर जंतू आले, इथे जंतूंचं काही काम नाही. खरं तर ‘जैव’ हा भागही मला खटकतो.

संस्कृतप्रेमी
म्हणूनच पारिभाषिक शब्द घडवावे लागतात! रोजच्या शब्दाला रोजचे अर्थ चिकटलेले असतात. ‘विघटनशील’ म्हणजे घटक सुटे होणारं, अगदी नेमकं. आणि ‘पायस’मध्ये पयस् म्हणजे दूध आहे. दूध हे निसर्गातलं इमल्शनच, पाण्यात स्निग्धाचे थेंब. यापेक्षा योग्य शब्द कुठून आणणार?

जुनी_पेठ
योग्य असेल हो, पण दशरथाच्या यज्ञातून निघालं तेही पायसच. रंगाच्या दुकानात जाऊन ‘भिंतीला पायस द्या’ म्हणून बघा. तिथला माणूस इमल्शनच देतो आणि गवंड्यालाही तोच शब्द कळतो. मग तो मराठी झाला नाही का?

गोठा_मंगळवेढा
जनावरांचा डॉक्टर आहे. लाळ्या-खुरकुताची तेलातली लस आम्ही मानेत देतो, तेही इमल्शनच. पशुपालकांना ‘तेलाची लस’ म्हटलं की समजतं. टोचल्या जागी गाठ आली तर घाबरू नका, एवढं सांगावं लागतं. तुमच्या पोस्टरवर पण तेलाची लस लिहा की.

औषधनिर्माण
डॉक्टरसाहेब, इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. तुमच्या लसीत इमल्शनच टोचलं जातं. माणसांत एमएफ५९ हे लसीचा परिणाम वाढवणारं मिश्रण तसं आहे, पाण्यात स्क्वालीन या तेलाचे थेंब, १९९७ला इटलीत फ्लूच्या लसीत आलं. पीएलजीएत इमल्शन ही फक्त बनवण्याची पायरी. लसीचं पाणी डायक्लोरोमीथेन या द्रावकात विरघळवलेल्या पॉलिमरात घुसळायचं, ते परत पीव्हीए घातलेल्या पाण्यात घुसळायचं, द्रावक उडून जातो आणि कोरडे कण उरतात. टोचताना इमल्शन नसतंच! तेव्हा ताई, ‘पायसातून लस’ हे शब्दानं नाही, अर्थानंच चुकतंय. ‘कणांतून’ लिहा.

संस्कृतप्रेमी
‘लस’ शब्दाचाही विचार करावा. आयुर्वेदातली लसीका ती हीच असणार. जखमेतून लस येते म्हणतो तीही.

जुनी_पेठ
हे मात्र पटलं. जेन्नरनं १७९६ला गवळणीच्या हातावरच्या फोडातली लसच मुलाला टोचली होती. १८०२ला मुंबईत आली तीसुद्धा बगदाद-बसऱ्याकडून, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी. शब्द तिथून आला असावा. आता कोरड्या पावडरीलाही लसच म्हणणार.

मागावरचा
मधेच विचारतो, पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच का? अक्कलकोट रोडला आमचं सायझिंग आहे, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. ताण्याला, मागावरच्या उभ्या सुताला, तेच लावतो.

औषधनिर्माण
तेच. लसीत थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून घालतात.

मागावरचा
आणि आमच्याकडं सुताचे तंतू बसावेत, मागावर ताणा तुटू नये म्हणून. याला आम्ही खळ म्हणूलालो, पण घरात सगळे गंजी म्हणतात.

संस्कृतप्रेमी
गंजी तेलुगू-कन्नड. मराठीत खळच.

मागावरचा
सर, सोलापुरात अर्धे माग तेलुगू घरांनी चालवले. इथं गंजी परका शब्द कसा होईल?

जुनी_पेठ
खळ ही वस्तू झाली. ती सुताला लावायच्या कामाला माझे आजोबा पांजणी म्हणायचे. ताणा रस्त्यावर लांब पसरून कुंचल्यानं खळ लावायचे.

पोस्टरवाली_सोलापूर
‘कणांतून’ घेते, सरांना दाखवते. पण विघटनशील की जिरणारं, हे राहिलंच ना?

मागावरचा
पांजणी आमच्या आजीकडून ऐकलाय! पण ती ताणा ताणून बांधण्यालाच पांजणी म्हणायची, खळीला नाही. काका, तुमचे आजोबा कुठल्या पेठेतले?