मदत हवी आहे : अमेरिकी कॉलेजात टेनिसचा मुख्य प्रशिक्षक होण्यास किती वर्षे लागतात?

वसंत_सांगली (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. माझा धाकटा मुलगा गेली चार वर्षे अमेरिकेत कॉलेजच्या संघाकडून टेनिस खेळला आणि या मे महिन्यात त्याचे शिक्षण पूर्ण झाले. आता तिकडच्याच एका कॉलेजने त्याला सहाय्यक प्रशिक्षक म्हणून बोलावले असून शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. पुढे मुख्य प्रशिक्षक व्हायचे, असा त्याचा निश्चय आहे. त्याच्या आईला हा बेत पसंत आहे, मला नाही. परंतु नापसंतीला काही आधार हवा, म्हणून विचारतो. सहाय्यकाचा मुख्य प्रशिक्षक होण्यास साधारण किती वर्षे लागतात, आणि ती नोकरी कायमची असते काय, एवढेच कृपया सांगावे. मुलाच्या आवडीचे करू द्या, हा उपदेश घरात पुरेसा झाला आहे.

ओहायोची_मनवा (सोमवार, रात्री ९.५५)

काका, कॉलेज एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागातले आहे, दुसऱ्या की तिसऱ्या? संघ मुलांचा की मुलींचा? पगार आहे की नाही, आणि मुलगा सध्या कोणत्या व्हिसावर आहे? हे कळल्याशिवाय वर्षांचा आकडा सांगणे म्हणजे गाडीचे नाव न सांगता ती किती वाजता पोहोचेल, हे विचारण्यासारखे होईल.

जुना_पंच (सोमवार, रात्री १०.२०)

माझे स्पष्ट मत असे आहे की मुलाने परत यावे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका घ्यावी आणि सांगली-कोल्हापूर भागात स्वतःची अकादमी काढावी. आपल्याकडे चांगल्या प्रशिक्षकांची वानवा आहे. मी स्वतः तीस वर्षे जिल्हा स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहिलो आहे. चार मातीची कोर्टे भाड्याने घेऊन सुरुवात करणाऱ्यांचे उत्तम चाललेले मी पाहिले आहे.

वसंत_सांगली (सोमवार, रात्री १०.४०)

विभाग दुसरा, संघ मुलांचा. अकादमीबद्दल मी विचारलेले नाही. मनवाताई, पगाराचा आणि व्हिसाचा माझ्या प्रश्नाशी संबंध काय, ते समजले नाही. कायदेशीर कागद सगळे व्यवस्थित आहेत.

निरंजन_डॅलस (मंगळवार, सकाळी ७.०५)

आपल्याला आकडाच हवा असेल, तर ज्यांची कारकीर्द सर्वांसमोर आहे अशांची उदाहरणे देतो. स्टॅनफर्डचे डिक गुल्ड हे आधी फूटहिल या दोन वर्षांच्या कॉलेजात शिकवत होते. १९६६ मध्ये ते स्टॅनफर्डला आले, पहिले राष्ट्रीय सांघिक विजेतेपद त्यांना १९७३ मध्ये मिळाले आणि २००४ मध्ये पद सोडेपर्यंत अशी सतरा विजेतेपदे जमली. जॉन मॅकेन्रो त्यांच्याच संघातला. नॉर्थ कॅरोलिनाच्या मुलींच्या संघाचे ब्रायन कॅल्बस २००३ मध्ये तिथे रुजू झाले, त्याआधी दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होतेच. तरी राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळायला २०२३ उजाडले. वीस वर्षे एकाच खुर्चीत बसू देणारे कॉलेज मिळणे, यालाच आपण कायमची नोकरी म्हणत असाल, तर ती असते.

यातली मेख मात्र अशी की, एक माणूस तीस-पस्तीस वर्षे बसला की तेवढी वर्षे ती जागा निघत नाही. जॉर्जियाचे मॅन्युअल डियाझ १९८८ पासून २०२४ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. त्याआधी ते त्याच विद्यापीठाकडून खेळले आणि तिथेच डॅन मॅगिल यांचे सहाय्यक होते. मॅगिल निवृत्त झाले, म्हणून जागा निघाली. सहाय्यकाची लायकी आणि जागा रिकामी होण्याची वेळ, ही दोन्ही जुळावी लागतात. डियाझही बाहेरूनच आलेले, तेव्हा परदेशी मुलाने घाबरण्याचे कारण नाही.

ओहायोची_मनवा (मंगळवार, सकाळी ७.५०)

निरंजन, डियाझ पोर्तो रिकोचे. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. त्यांना व्हिसा लागतच नाही. सांगलीच्या मुलाला हे उदाहरण देणे म्हणजे त्याची दिशाभूल आहे. परदेशी माणसाचेच उदाहरण हवे असेल, तर स्वीडनचे रोलंड थॉर्नक्विस्ट घ्या. ते नॉर्थ कॅरोलिनाकडून खेळले, पुढे तिथल्याच मुलींच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २००१ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात गेले.

निरंजन_डॅलस (मंगळवार, सकाळी ८.१०)

मान्य. पण मुद्दा जागा निघण्याचा होता, पारपत्राचा नव्हता.

ओहायोची_मनवा (मंगळवार, सकाळी ८.१२)

काकांच्या मुलासाठी मुद्दा पारपत्राचाच आहे, असा माझा दाट संशय आहे.

चौथे_कोर्ट (मंगळवार, दुपारी १.३०)

मी दुसऱ्या विभागातल्या एका कॉलेजकडून चार वर्षे खेळलो, बहुतेक वेळा चौथ्या क्रमांकावर. मुख्य प्रशिक्षकाचे काम मी जवळून पाहिले आहे, आणि ते टेनिस शिकवणे आहे, असे समजणाऱ्यांनी आधी हे वाचावे.

आमचे प्रशिक्षक मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही संघांचे मुख्य होते. बाहेरगावचा सामना असला की पहाटे पाच वाजता तेच व्हॅन चालवत. मुक्कामाच्या मोटेलमध्ये खोलीतल्या टेबलावर स्ट्रिंगिंग मशीन मांडून ते रात्री अकरापर्यंत आमच्या रॅकेटना तारा बसवत आणि मध्येच पुढच्या वर्षासाठी हेरलेल्या मुलाच्या आईवडिलांशी फोनवर बोलत. फोन खांदा आणि कान यांमध्ये धरलेला, एका हातात तार, दुसऱ्या हातात चिमटा, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सकाळी पाऊस पडून गेलेला असला, तर सहाही कोर्टांवरचे पाणी रबरी वायपरने ओढण्यात ते सर्वांत पुढे असत.

सामना सुरू झाला की वेगळीच कसरत असे. दुहेरीच्या तीन लढती, त्यांतल्या दोन जिंकणाऱ्याला मिळून एक गुण, मग सहा एकेरींचे प्रत्येकी एक गुण, आणि सातांपैकी चार आधी मिळवील तो जिंकला. पुरेशी कोर्टे असतील तर सहाही एकेरी एकाच वेळी चालतात आणि प्रशिक्षकाला खेळाडूशी बोलण्याची मुभा असते. तेव्हा तीन-तीन असा गुणफलक असताना कोणत्या कोर्टाशेजारी उभे राहायचे, हा निर्णय त्याचा. आमचे सर बहुधा हरत असलेल्या मुलाकडे जात नसत. जो जिंकू शकतो पण घाबरला आहे, त्याच्याकडे जात.

तरीही त्यांची नोकरी ठरत असे ती भरतीवर. चांगली मुले आणता आली नाहीत, तर तुमचे फोरहँड शिकवण्याचे कसब कोणी विचारत नाही.

जुना_पंच (मंगळवार, दुपारी २.१५)

मुले आणणे म्हणजे आमच्याच मुलांना तिकडे नेणे. इथल्या पालकांच्या पैशावर वाढलेले खेळाडू तिकडे आयते मिळतात.

निरंजन_डॅलस (मंगळवार, सायंकाळी ६.३०)

आयते कसे? सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून खेळून २००७ आणि २००८, अशी सलग दोन वर्षे एकेरीत राष्ट्रीय विजेता झाला. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. तिथल्या प्रशिक्षकांनी काही केलेच नाही, असे म्हणवत नाही.

ओहायोची_मनवा (मंगळवार, सायंकाळी ७.००)

दोघांनीही कृपया वेगळा धागा काढावा. काका, 'कायमची' या शब्दाबद्दल एक सांगते. मुंबईचा हर्ष मंकड ज्या मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळला, तिथला मुलांचा टेनिस संघच २०२०-२१ च्या हंगामानंतर बंद करण्यात आला. असे झाले की प्रशिक्षक कितीही चांगला असो, खुर्चीच राहत नाही. टेनिस स्वतःचा खर्च भागवणारा खेळ नाही. त्याची पोळी बहुतेक ठिकाणी फुटबॉलच्या तव्यावर भाजली जाते. त्यातच खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर पहिल्या विभागातली कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. ते कोणत्या खेळाच्या ताटातून काढायचे, हा प्रश्न प्रत्येक ॲथलेटिक विभागापुढे आहे. मुलांच्या टेनिसला पूर्वी पहिल्या विभागात साडेचार शिष्यवृत्त्या असत आणि त्या आठ-दहा जणांत तुकडे करून वाटणे, हीच प्रशिक्षकाची हुशारी मानली जाई. ही तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत आता शिष्यवृत्त्यांवर मर्यादा नाही, संघच दहा जणांचा. मोठ्या कॉलेजांना ते सोपे आणि लहानांना अवघड झाले आहे. दुसऱ्या विभागाला ही दहा जणांची मर्यादा लागू नाही, पण मोठ्या कॉलेजांत न मावलेले खेळाडू खाली उतरतात आणि त्यांना टिपणारा सहाय्यक तिथे मोलाचा ठरतो.

आता कृपया सांगा : पगार किती, आणि मुलाची पदवी कशातली?

वसंत_सांगली (मंगळवार, रात्री १०.०५)

मुलाला फोन केला. पदवी संगणकशास्त्राची आहे. पगार नाही, राहण्यास खोली मिळणार आहे आणि जेवण कॉलेजच्या खानावळीत. 'पहिले वर्ष सगळे असेच करतात' असे तो म्हणतो. व्हिसा विद्यार्थ्याचाच, त्यावर एक वर्ष काम करण्याची परवानगी १ जूनपासून सुरू झाली आहे. या सर्वाची चौकशी कशासाठी चालली आहे, ते आता तरी सांगावे.

ओहायोची_मनवा (मंगळवार, रात्री १०.३०)

काका, याचसाठी. शिक्षणानंतरची ही परवानगी, जिला सगळे ओपीटी म्हणतात, ती पदवीच्या विषयाशी थेट संबंध असलेल्या कामासाठीच असते. संगणकशास्त्राच्या पदवीवर टेनिस शिकवणे त्यात बसत नाही. शिवाय या काळात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि हे दिवस १ जूनपासून मोजले जात आहेत. तो तिथे दिवसभर कोर्टावर राबला, तरी कागदावर बेकारच राहील. 'पगार नाही, म्हणजे ती नोकरी नाही' असे कोणी सांगितले असेल, तर त्यावर विसंबू नये. राहणे आणि जेवण हाही मोबदलाच धरला जाऊ शकतो.

चौथे_कोर्ट (मंगळवार, रात्री ११.००)

मनवाताईंचे बरोबर आहे. आमच्या संघातल्या एकाने नेमकी हीच चूक केली होती आणि सप्टेंबरात त्याला सामान बांधावे लागले. पण 'सगळे असेच करतात' हेही पूर्वी खरे होते. पहिल्या विभागात बिनपगारी प्रशिक्षकाची वेगळी जागाच असे. ती २०२३ च्या जुलैपासून काढून टाकली. दुसऱ्या विभागात अजून असे चालते, पण ते स्थानिक मुलांना परवडते.

परदेशी मुलांचा रुळलेला रस्ता वेगळा आहे. पदव्युत्तर शिक्षणास प्रवेश घ्यायचा, शक्यतो क्रीडा व्यवस्थापनात, आणि त्याच कॉलेजात 'ग्रॅज्युएट असिस्टंट' म्हणून संघाचे काम करायचे. फी माफ होते किंवा बरीच कमी होते, थोडे विद्यावेतन मिळते, आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॉलेजातच काम करणे विद्यार्थी व्हिसावर चालते. दोन वर्षांनी हातात पदवी असते, आणि तिच्यावर मिळणारी परवानगी प्रशिक्षकाच्या कामाशी जोडता येते. कॉलेजांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही, ही पुढची सोय. मात्र त्या कामासाठी विशिष्ट विषयाची पदवी आवश्यकच आहे, हे कॉलेजला सरकारकडे सिद्ध करावे लागते, तेव्हाही हीच पदवी उपयोगी पडते.

निरंजन_डॅलस (बुधवार, सकाळी ६.४०)

ऑगस्टच्या सत्राला उशीर झाला, असे मानू नये. हंगाम मेमध्ये संपतो, मुख्य प्रशिक्षकांच्या बदल्या त्यानंतर होतात आणि नवा माणूस आला की त्याच्या हाताखालच्या जागा जून-जुलैतच निघतात. मुलाने आपल्या जुन्या प्रशिक्षकाला आजच फोन करावा. या व्यवसायात अर्जापेक्षा तो फोन जास्त चालतो.

वर्षांचे म्हणाल, तर दोन वर्षे पदवीची आणि पुढे सहाय्यक म्हणून चार-सहा वर्षे, हा माझा अंदाज; लहान कॉलेजात लवकर, मोठ्यात माहीत नाही. मुख्य प्रशिक्षकाचा करार अनेक ठिकाणी वर्षावर्षाचा असतो, हेही लिहून ठेवावे.

जुना_पंच (बुधवार, सकाळी ९.१५)

म्हणजे आठ वर्षे. तेवढ्यात अकादमीची दुसरी शाखा निघाली असती.

वसंत_सांगली (बुधवार, रात्री ९.५०)

सर्वांचे आभार. मला नकाराला आधार हवा होता आणि तो मिळाला. मात्र मुलाला हे सर्व वाचून दाखवले तेव्हा त्याने वाद घातला नाही. ग्रॅज्युएट असिस्टंटबद्दल त्याला माहीत होते. दोन ठिकाणी विचारूनही झाले होते आणि एकाने प्रवेश परीक्षेविनाच अर्ज पाठव म्हणून कळवले होते. दोन वर्षांची फी पुन्हा माझ्यावर पडेल, या भीतीने तो बोलला नव्हता. फी किती माफ होईल, याचे पत्र ते देतात काय, आणि ते मिळेपर्यंत या खोली-जेवणवाल्या कॉलेजला काय कळवावे?

चौथे_कोर्ट (बुधवार, रात्री १०.१०)

पत्र देतात, आणि ते हाती आल्याशिवाय हलू नये; फी पूर्ण माफ की फक्त राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांवरचा जादा भार माफ, हे त्यात वाचावे. व्हिसाची नोंद नव्या कॉलेजकडे कशी आणि कधी वळवायची, हे त्याच्या जुन्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयालाच विचारावे, आमच्यासारख्यांना नव्हे. या कॉलेजला नम्रपणे नकार कळवावा आणि कारण खरे सांगावे. तिथला मुख्य प्रशिक्षक उद्या दुसरीकडे असेल आणि त्याला हा मुलगा आठवेल.

ओहायोची_मनवा (बुधवार, रात्री १०.२५)

काका, शुक्रवारची मुदत आपल्या घड्याळाची की तिकडच्या?

वसंत_सांगली (बुधवार, रात्री १०.३२)

तिकडच्या सायंकाळी पाचची. म्हणजे आपली शनिवारची पहाट. तो आता सकाळच्या सरावाला गेला आहे, परतला की सांगतो.