ज्ञानेश्वरी हाताने उतरवायची आहे, शाईपेनाने. लक्ष्य वर्षाचं ठेवू का?

कोरा कागद:
संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून शांतपणे काहीतरी करावं म्हणून ज्ञानेश्वरी लिहून काढायला घेतली आहे. वर्षात पूर्ण करायचा बेत आहे. पेन साधं, ड्रॉपरने पोटात शाई भरायचं. अडचणी अशा: (१) रोजचा कोटा उरकताना अक्षर शेवटी कोंबडीचे पाय होतं, (२) अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, (३) मध्येच निबेतून टपकन थेंब पडतो, (४) कागदावर शाई फुटते. शाई साधी रॉयल ब्लू, वही नेहमीची एकरेघी. जाणकारांनी सांगावं.

दुरेघी:
आधी हिशेब करा. ओव्या नऊ हजारांच्या वर, म्हणजे वर्षात संपवायच्या तर रोज पंचवीस. एका ओवीत तीसेक अक्षरं, नीट लिहिताना मिनिटाला पंधरा-वीस होतात. म्हणजे पाऊण तासाच्या आसपास, रोज, एकही सुट्टी न घेता. शेवटच्या दहा ओव्यांत अक्षर पळणारच. हे निवांत होण्याचं काम नाही, ही ठेकेदारी झाली.

बारावा अध्याय घ्या, २४७ ओव्या. रोज पाच धरल्या तर पन्नास दिवस, रोजचं दहाएक मिनिटांचं काम. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. दहा ओव्यांची थकबाकी चढली की माणूस पुन्हा कोट्यावर येतो. वहीच्या समासात तारीख तेवढी टाका. तो संपला की पुढचा अध्याय घ्यायचा का, ते तेव्हा ठरवा.

लिहायला बसण्याआधी दोन ओळी कित्ता. अक्षरं गटाने घ्या: ग म भ न, मग व ब क, मग प ष फ. वर्णमालेच्या क्रमाने गिरवलं तर हाताला एकच वळण सलग मिळत नाही. ल पाकळीचा आणि श देठाचा काढा, २००९ च्या शासन निर्णयातही तीच रूपं आहेत. ह, झ आणि क्ष हे तीन खोडकर, त्यांना वेगळी ओळ द्या. आणि वही दुरेघी आणा. अक्षराची उंची सांभाळायचं अर्धं काम रेघाच करतात.

दौत:
पेनाचं मी सांगतो.

थेंब कधी पडतो ते बघा. शाई तळाला आल्यावर पडत असेल तर दोष पेनाचा नाही. पोटात शाई कमी म्हणजे हवा जास्त, ती हाताच्या उबेने फुगते आणि शाईला जिभेवाटे (निबेखालची खाचांची पट्टी) बाहेर ढकलते. उपाय साधा: निम्मी उरली की भरा, एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका. धातूच्या पेनात हे जास्त होतं, एबोनाइटमध्ये (कडक केलेलं रबर) कमी, कारण ते उष्णता सावकाश पोचवतं.

पूर्ण भरलेलं असतानाही गळत असेल तर दोन जागा तपासा. पहिली, आटे. त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन नको, रबरी रिंग असेल तर ती फुगते. टेफ्लॉन टेपचे वेढे जास्त झाले तर प्लास्टिकला तडा जातो. दुसरी, निब आणि जीभ यांमधली फट. उजेडासमोर धरलं की दिसते. जीभ एबोनाइटची असेल तर वाफाळत्या पाण्यात वीसेक सेकंद बुडवून निबेवर अंगठ्याने दाबून धरा, गार झाली की बसते. प्लास्टिकच्या जिभेवर हा प्रयोग करू नका.

नवं पेन पहिल्यांदा भरण्यापूर्वी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. नंतर दर तीन-चार आठवड्यांनी नुसत्या पाण्याने. ड्रॉइंगची जलरोधक काळी शाई चुकूनही भरू नका. तिच्यातला लाखेसारखा चिकट अंश जिभेच्या बारीक खाचेत वाळला की पेन कायमचं गेलं समजा.

अंगठा दुखतो तो बॉलपेनच्या सवयीने. तिथे गोळी फिरायला दाब लागतो, इथे शाई स्वतःहून उतरते. लिहिलेल्या पानाच्या मागून बोट फिरवा. ओळी हाताला लागत असतील तर तुम्ही दाबताय. पेन निबेपासून तीनेक सेंटिमीटर मागे धरा, कागदाशी ४५ ते ५० अंशांत, आणि कोपर टेबलावर टेकवा.

उकार:
शाई फुटण्याबद्दल. लोक जाड कागद आणतात आणि फसतात. जीएसएम म्हणजे नुसतं वजन, चौरस मीटरला किती ग्रॅम ते. शाई पसरू न देणारी खळ कागदात किती आहे, हे त्यावरून कळत नाही. दुकानात पेन घेऊन जा, शेवटच्या पानावर 'क्ष' काढा आणि त्याच जागी एक ठिपका तीन सेकंद दाबून धरा. कडेने केसासारखे तंतू फुटले तर वही नको.

पावसाळ्यात चांगला कागदही दगा देतो, कारण तो हवेतला ओलावा पितो. कोकणात किंवा मुंबईत असाल तर वही झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. आणि तळहाताखाली टीपकागद हवाच. घामाचा, तेलकट हाताचा डाग पडलेल्या जागी शाई धरत नाही, अक्षर तुटक उमटतं. लोक मग निबेला शिव्या घालतात.

कोरा कागद:
बारावा अध्याय, पाच ओव्या, ठरलं. दोन शंका. शिरोरेषा आधी की नंतर? आणि चुकलं तर खोडायचं कसं?

दुरेघी:
नंतर, पूर्ण शब्द झाल्यावर, डावीकडून उजवीकडे एका दमात. भ, ध, थ यांवर ती तोडायची हे विसरू नका. शाई ओली असताना ओढली तर निब अक्षराच्या डोक्यात अडकून फाटे फुटतात, म्हणून शब्द संपल्यावर क्षणभर थांबा.

चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि शब्द पुढे लिहा. पांढऱ्या शाईचा थर वाळल्यावरही शाईपेन त्यावर नीट चालत नाही. वरून निबेत कण अडकतो, आणि मग दौत यांचा धुण्याचा कार्यक्रम पुन्हा.

दौत:
अडकलाच कण, तर ब्लेड घालू नका. निब साध्या पाण्यात रात्रभर उभी ठेवा.