मदत हवी आहे: बॅश आणि फिश, दोन्ही शेलमध्ये नोडची एकच प्रत

एनव्हीएम (नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) हा स्वतंत्र प्रोग्राम नाही, शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सोर्स (लोड) होणारं फंक्शन आहे. बॅश-झेडशेलमध्ये ते बिनतक्रार चालतं. फिश शेल पॉझिक्स या प्रमाणाची वाक्यरचना पाळत नाही, म्हणून तिथे एररच येतात.

बॅशच्या आज्ञा फिशमध्ये चालवणाऱ्या बास प्लगिनने काम भागतं, पण ते दर वेळी आतून बॅश सुरू करतं. टर्मिनल उघडतानाच रेंगाळतं. फिशसाठीच लिहिलेलं 'एनव्हीएम डॉट फिश' चपळ आहे, मात्र ते आवृत्त्या स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात उतरवतं. म्हणजे नोड २० दोनदा, ग्लोबल पॅकेजेसही दोनदा.

'एनव्हीएम डॉट फिश'चं 'एनव्हीएम_डेटा' हे (आवृत्त्यांचा फोल्डर ठरवणारं) व्हेरिएबल मूळ एनव्हीएमच्या 'व्हर्जन्स/नोड' फोल्डरकडे वळवून कोणी रोज वापरतंय का? इन्स्टॉल-अनइन्स्टॉल करताना काही बिघडतं का? डीफॉल्ट आवृत्ती दोन्हीकडे वेगळी लिहावी लागेल, ते चालेल. एफएनएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं दुसरं साधन) शक्यतो नको. टीमच्या स्क्रिप्ट एनव्हीएमवरच बेतलेल्या आहेत.