उबवलेले, निपजवलेले की आणखी काही?

गोडेपाणी: नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ गेऑर्ग ओसियन सार्स यांच्यावर लेख लिहितेय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा वाळका चिखल त्यांच्याकडे, म्हणजे आजच्या ऑस्लोत, पोचला. त्यांनी तो पाण्यात भिजवला, सुप्त अंडी फुटली आणि डाफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातले इवले जीव, पोहू लागले. त्यातून १८८५ साली नव्या जातींची वर्णनं छापली. निबंधाच्या इंग्रजी नावातच ‘raised from dried mud’ आहे. ‘वाळलेल्या चिखलातून’ जमलं, पण पुढे raised साठी क्रियापद अडलंय. मी ‘उबवलेले’ लिहिलं, तर संपादक म्हणाल्या, ऊब कुणी दिली? दिलं ते पाणी.

जुनी वही: बरोबर म्हणाल्या. ‘निपजवलेले’ घ्या. निष्पद्यतेवरून निपजणे, उत्पद्यतेवरून उपजणे, दोन्ही अस्सल घरचे.

पागोळी: ‘पोरगा गुणी निपजला’ याखेरीज कोण म्हणतं हल्ली?

कोरडवाहू: आधी चिखल बदला. चिखल ओलाच असतो. वाळला की ढेकूळ किंवा पोपडे. तळ्याच्या तळाचा तो गाळ.

पागोळी: चपलेला वाळलेला चिखल चिकटतोच की! बाकी, मी माशांसाठी असा गाळ भिजवला होता. चार-पाच दिवसांनी पाण्यात ठिपके उड्या मारू लागले. काचेलगत खसखशीएवढी काळी टरफलं तरंगत होती. भिंगाखाली धरली तर हुबेहूब खोगीर, आत दोन अंडी.

गोडेपाणी: तेच एफिपियम! मादीच्या पाठीवर तयार होतं, कात टाकताना सुटतं, दुष्काळ आणि थंडी दोन्ही सोसतं. ग्रीकमध्ये घोड्याच्या पाठीवरचं कापड. मराठीत काय म्हणू?

जुनी वही: पर्याण. त्यावरूनच पल्याण झालं.

कोरडवाहू: खोगीरच. फारसीत खूय म्हणजे घाम, गीर म्हणजे धरणारा. घाम टिपणारं कापड, ग्रीक अर्थाच्या किती जवळ!

जुनी वही: घरात पर्याण असताना उसनं का?

कोरडवाहू: मग डाफ्निया तरी कशाला? तोही ग्रीक. खोगीर मराठीत इतकं मुरलंय की त्याला उसनं म्हणवत नाही.

पागोळी: डाफ्नियाला पाणपिसू आहेच.

जुनी वही: पिसू कीटक, सहा पायांची. डाफ्निया कवचधारी, कोळंबीच्या गोतातला. शास्त्रीय लेखात असं नाव वाचकाला चुकीच्या घरात नेऊन सोडतं.

पागोळी: पाणघोडा तरी कुठे घोडा आहे?

गोडेपाणी: सार्स यांच्या काचपट्ट्या ऑस्लोच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपल्या आहेत. मूळ वर्णन ज्या नमुन्यावरून झालं त्याला मी ‘प्ररूप’ लिहिलंय, ते राहू देते. खोगीरही ठेवते. त्या गाळातली एक जात त्यांनी नॉर्वेचेच प्रवासी कार्ल लुमहोल्ट्झ यांच्या नावानं ओळखली, डाफ्निया लुमहोल्ट्झी. डोक्यावर लांब टोक, शेपटाकडे आणखी लांब काटा. तिचं चित्र लेखात आहे आणि चित्राखालच्या ओळीत क्रियापदाची जागा अजून कोरी आहे.

पागोळी: ‘भिजवून जागवलेले’?

जुनी वही: जागवायला ती मेली नव्हती.

कोरडवाहू: झोपलेल्यालाच तर जागवतात.