खांदेरी, १८ ऑक्टोबर १६७९: रिव्हेंज एकटी उरली, तरी मराठी आरमार का हटलं?

समुद्रवेडा
मुंबईच्या दक्षिणेच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांची माणसं होती आणि इंग्रजांनी त्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यातल्या या चकमकीतली एक गोष्ट उलगडत नाही. मराठी आरमाराचा सरदार दौलतखान चौलकडून पन्नासेक गलबतं घेऊन पहाटेच इंग्रजांवर चालून आला. समोर आठच नौका: रिव्हेंज फ्रिगेट (मोठं शिडाचं लढाऊ जहाज), दोन गुराबा (दोन डोलकाठ्यांच्या लढाऊ नौका), आणि लहान नौकांत तीन शिबाडं, दोन मचवे. त्याही नांगरावर. अर्ध्या तासाच्या आत डव्ह गुराबेनं निशाण उतरवलं, दुसरी गुराब लांबच राहिली, लहान पाचही पळाल्या. मग एकट्या रिव्हेंजनं पाच गलबतं बुडवून बाकीच्यांना नागोठण्याच्या खाडीपर्यंत कसं रेटलं? भरतीचा काही संबंध असेल का? १८ ऑक्टोबरचा चंद्र काढला तर पौर्णिमेजवळचा येतो, म्हणजे उधाण.

तांडेल
आधी तारीख दुरुस्त करा. इंग्रजांची कागदपत्रं तेव्हा जुन्या (ज्युलियन) कॅलेंडरप्रमाणे लिहिलेली असत. १७ व्या शतकासाठी त्यात १० दिवस मिळवायचे, म्हणजे आजच्या हिशेबानं २८ ऑक्टोबर. त्या दिवशी आश्विन वद्य नवमीच्या आगेमागे तिथी येते. म्हणजे उधाण नव्हे, भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस). या एका चुकीनं सगळं गणित उलटं होतं.

आता कोकणातला नेहमीचा हिशेब लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. ९ चे पावणेसात. म्हणजे पहाटे पाणी जवळपास पूर्ण भरलेलं. किनाऱ्यालगतचे खडक पाण्याखाली असल्यानं गलबतांना दडून यायला वाट मोकळी. भांग असल्यानं प्रवाहही मंद, तेव्हा वल्ह्यांना अडथळा नाही. ऑक्टोबरात पहाटेचा मतलई (जमिनीकडून येणारा) वारा हलका असतो. शिडाच्या जहाजाला त्यात वेग धरायला वेळ लागतो, वल्ह्यांच्या गलबताला वाट पाहावी लागत नाही. त्यात नांगर उचलायचा म्हणजे जाड दोर ओलाच ओढून घ्यायचा. घाई असेल तर दोर तोडायचा आणि नांगर गमवायचा. पहिला अर्धा तास दौलतखानाचा का होता, ते यातच आहे.

बत्तीवाला
पुढचा भाग तोफांचा. गलबताच्या मोठ्या तोफा नाळेवर (पुढच्या टोकावर), पुढच्या दिशेनं डागायच्या. नेम धरायचा तर अख्खं गलबत वळवावं लागतं, आणि तोफ भरेपर्यंत वल्हेकऱ्यांनी तोंड शत्रूकडेच ठेवायचं. समोरचा नांगरावर असतो तोवर हे उत्तम जमतं. रिव्हेंजनं शिडं भरून वेग घेतला की ती आडवी होऊन एका बाजूच्या सगळ्या तोफा लागोपाठ सोडू शकते. ओळीनं येणाऱ्या गलबतांवर तो मारा लांबीच्या दिशेनं बसतो: एक गोळा नाळेत शिरला तर मागपर्यंत वल्हेकऱ्यांना कापत जातो. गलबताची फळी पातळ, कठडा बुटका. पाण्याच्या रेषेशी एक भोक पडलं तरी माणसं आणि दारू यांच्या वजनानंच ते खाली जातं. आणि एका बाजूची चार-पाच वल्ही मोडली तर गलबत गोल फिरू लागतं आणि शेजारच्यावर आदळतं. म्हणूनच संख्या मोठी असूनही एका वेळी जेमतेम सात-आठ गलबतांनाच नीट मारा करता येत असणार, असं माझं मत.

समुद्रवेडा
मग चढाई का नाही केली? पन्नास गलबतांतली माणसं एका फ्रिगेटवर उतरली असती तर?

बत्तीवाला
फ्रिगेटचा काठ गलबताहून कितीतरी उंच. भिडायचं तर वल्ही आत घ्यावी लागतात, नाहीतर दोन्ही लाकडांत चुरडतात. वल्ही आत घेतली की वेग मेला, आणि नेमक्या त्याच क्षणी वरून छर्ऱ्यांचा मारा. जागा एकच, मागची बाजू, कारण तिथे तोफा कमी. पण चालतं जहाज सुकाणू वळवून ती बाजू झाकतं. थांबलेल्या जहाजावर चढणं वेगळं, चालत्यावर वेगळं.

तांडेल
हटणं म्हणजे हरणं असं मात्र धरू नका. आरमाराचं काम खांदेरीवरचा महाराजांचा सरदार मायनाक भंडारी याच्या माणसांना माणसं, दगड, चुना, दाणागोटा पोचवायचं होतं. थळचा किनारा समोरच आहे. मधलं पाणी उथळ आणि खडकाळ, मोठ्या जहाजाला तिथे रात्री फिरता येत नाही. रिव्हेंज खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्याबाहेर अडली. दोनच दिवसांनी आरमार पुन्हा बाहेर आलं. इंग्रज पुढे सरकताच परत आत. एवढ्यानं मोठ्या जहाजाला तिथे गुंतवून ठेवता येतं आणि दक्षिणेकडचं पाणी मोकळं राहतं.

नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी कासीम आरमारासह इंग्रजांना येऊन मिळाला, तरी बेट पडलं नाही. १६८० च्या सुरुवातीला सिद्दीनं शेजारची उंदेरी घेतली आणि इंग्रजांनी वेढा उठवला. खांदेरी महाराजांकडेच राहिली.