पेशी एकमेकींना चिकटतात त्यात साखरेचं नक्की काम काय?

तन्वी_बायो:
मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. पेशी चिकटण्याचा चॅप्टर चालू आहे, कॅडहेरिन, इंटिग्रिन ही प्रोटीनं समजली, पण मधेच एक वाक्य येतं की पेशीवरच्या कर्बोदकांच्या साखळ्यांवरही चिकटणं ठरतं आणि विषय तिथेच संपतो. साखर म्हणजे ऊर्जा एवढंच डोक्यात बसलंय. आणि ही पकड फार कमजोर असते असंही वाचलं, मग तिचा उपयोग काय? कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज.

पेशीवेडा:
कमजोर आहे म्हणूनच तर उपयोग आहे! पांढऱ्या पेशींचं बघा. कुठे जखम किंवा इन्फेक्शन झालं की तिथल्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रोटीनं येतात, पी-सिलेक्टिन आधीच बनवून आत साठवलेलं असतं म्हणून काही मिनिटांत येतं, ई-सिलेक्टिन नव्याने बनतं म्हणून त्याला काही तास लागतात. ही प्रोटीनंच, पण धरतात साखरेला. पांढऱ्या पेशीवरच्या साखळ्यांच्या टोकाला सायलिल लुईस एक्स असतं, म्हणजे सायलिक अॅसिड, गॅलॅक्टोज, एन-अॅसिटिल ग्लुकोसामाइन आणि फ्यूकोज अशा चार साखरा. एक पकड लागते, लगेच सुटते, तोवर पुढची लागलेली असते, आणि रक्ताचा जोर मागून ढकलतोच आहे, त्यामुळे पेशी भिंतीवरून गडगडत जाते. वेग कमी झाला की तिला केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या छोट्या प्रोटीनांचा) सिग्नल मिळतो, मग इंटिग्रिन घट्ट धरतं आणि ती भिंतीतून बाहेर पडते. पहिलीच पकड पक्की असती तर पेशी लागेल तिथेच अडकून बसली असती, पुढे काय आहे ते चाचपायला वावच नाही.

सूक्ष्मदर्शी:
हे गडगडणं मी मायक्रोस्कोपखाली पाहिलंय, अजून डोळ्यासमोरून जात नाही. काचेवर सिलेक्टिन लावलेलं, वरून पेशींचा द्रव एका वेगाने सोडलेला. बाकीच्या पेशी सटासट निघून जातात, नुसत्या रेघा दिसतात, आणि काही मात्र खाली टेकून थबकत थबकत सरकतात. मग त्याच द्रवात ईडीटीए घातलं आणि सरकणाऱ्या सगळ्या एकदम सुटून वाहून गेल्या. कारण सिलेक्टिनला साखर धरायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते काढून घेतं.

फ्यूकोज_फॅन:
तन्वी, साखर नुसती शोभेची नाही याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे एलएडी-२ हा आजार, १९९२ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला. या मुलांमध्ये फ्यूकोज गॉल्जीमध्ये, म्हणजे पेशीत जिथे या साखळ्या जोडल्या जातात त्या भागात, नेणारं प्रोटीन बिघडलेलं असतं. फ्यूकोज नाही तर सायलिल लुईस एक्स नाही, मग पांढऱ्या पेशी भिंतीला टेकतच नाहीत. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट, पण इन्फेक्शनच्या जागी पू धरत नाही आणि इन्फेक्शन परत परत होतं. काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर फरक पडला. आणि या मुलांचा रक्तगट बॉम्बे असतो, जो डॉ. भेंडे यांनी १९५२ मध्ये नोंदवला तोच, कारण लाल पेशींवरच्या एच अँटिजेनलाही (ए आणि बी गटांच्या खुणा ज्यावर बनतात ती साखळी, बॉम्बे गटात तीच नसते) फ्यूकोजच लागतं.

पेशीवेडा:
यात एक गोष्ट स्पष्ट करतो नाहीतर कोणीतरी घाबरेल, नेहमीच्या बॉम्बे गटात बिघाड वेगळ्या जीनमध्ये असतो, तिथे पांढऱ्या पेशींवरचं फ्यूकोज शाबूत असतं, त्यांची प्रतिकारशक्ती ठीक असते.

तन्वी_बायो:
अरे वा, आता कुठे डोक्यात शिरलं! पकड म्हणजे धरून ठेवणं एवढंच वाटत होतं, लागून सुटणंही तितकंच कामाचं असतं हे सुचलंच नव्हतं. मग साखर जास्त म्हणजे चिकटणं जास्त, असं समजू का?

सूक्ष्मदर्शी:
नाही, तसं समजू नकोस. मेंदूत एनकॅम नावाचं चिकटवणारं प्रोटीन आहे, त्यावर सायलिक अॅसिडची लांबच लांब साखळी लागते, पॉलिसायलिक अॅसिड म्हणतात तिला. ती ऋणभारित असते, पाणी धरून फुगते आणि दोन पेशींना लांब ठेवते. गर्भाच्या मेंदूत ती भरपूर असते कारण तिथे न्यूरॉनना सरकायचं असतं, मोठेपणी बरीच कमी होते, पण हिप्पोकॅम्पससारख्या (आठवणींशी संबंधित भाग) काही भागांत राहते. एन्झाइमने ती छाटली की त्याच पेशी एकमेकींच्या जवळ येऊन चिकटतात.