मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन इटलीची ग्रुप टूर, आणि त्यात मोंतोने कसं बसवू?

कुंभेघाट

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मे महिन्यात आई-बाबांना इटलीला न्यायचं चाललंय. बाबा ७१, आई ६६, आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, सपाटीवर चालते मस्त पण जिना उतरताना कठडा लागतोच. सोबत मी एकटीच, नवऱ्याला सुट्टी नाही. स्वतः सगळं बुक करून दोघांना फिरवायची छाती होत नाही म्हणून ग्रुप टूर. दोन ठिकाणची कोटेशनं आणलीत, दोन्ही १० दिवस, रोम-पिसा-फ्लॉरेन्स-व्हेनिस-मिलान, एक माणशी २ लाख ६५ हजार आणि दुसरं २ लाख ३८ हजार, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून तीन रात्री बघतेय तरी २७ हजार नक्की कशाचे ते मला कळलेलं नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. बाबा माणगाव तालुक्यातले, रिटायर्ड शिक्षक. माणगावला तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, रायगडकरांना माहीत असेल. मराठा लाइट इन्फंट्रीचे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, १० जुलै १९४४ ला गेले, वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले तेव्हा हे एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं, आणि मग लपलेल्या स्नायपरची गोळी लागली. बाबांनी हे वर्गात इतक्या वेळा सांगितलंय की त्यांचे विद्यार्थी अजून भेटले की "सर, दस्ता" म्हणून हसतात. २०२३ च्या जुलैमध्ये त्यांचं स्मारक मोंतोने नावाच्या गावात झालं, सावलीचं घड्याळ आहे म्हणे, त्याचं कात्रण बाबांच्या पाकिटात आहे. इटली म्हटल्यावर आई म्हणाली व्हेनिस, बाबा म्हणाले मोंतोने.

आणि मोंतोने अर्थातच कुठल्याच टूरमध्ये नाही. एका ऑफिसात विचारलं तर समोरची मुलगी म्हणाली "मॅडम ते मॉन्टेनेग्रो वेगळा देश आहे".

तर, टूरमधून एक दिवस बाहेर पडून जाऊन येता येतं का? आईला हे सगळं झेपेल का? दोघंही शुद्ध शाकाहारी, आई अंडंही खात नाही, तिचं काय? आणि त्या २७ हजारांचं कोडं कोणी सोडवलं तर बरं होईल.

---

फिरस्ती_मावशी

धागा वाचनखुणेत टाकलाय. आम्ही गेल्या वर्षी ग्रुपबरोबरच गेलो होतो, आमचं वय तुझ्या आईच्या आसपास, त्यामुळे हक्काने लिहिते.

२७ हजार कुठे आहेत ते सांगते. कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे क्रियापद काय आहे ते बघ. "एंट्री" लिहिलंय का "फोटो स्टॉप" का "बाहेरून दर्शन" का "पॅनोरॅमिक टूर". आमच्या कागदावर कलोसियम ठळक अक्षरात होतं आणि प्रत्यक्षात बस कडेला लागली, वीस मिनिटं फोटो, चला. मी पार रडकुंडीला आले होते. व्हॅटिकन म्युझियमपुढे एंट्री आहे का बघ आणि तो दिवस रविवार तर नाही ना तेही बघ, कारण महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी म्युझियम बंद असतं. फ्लॉरेन्सचा दिवस सोमवार आला तर उफ्फिझी हे चित्रांचं म्युझियम आणि डेव्हिडचा पुतळा असलेली गॅलरी दोन्ही बंद. कंपनी सांगत नाही, आपणच कॅलेंडर घेऊन बसायचं.

दुसरं हॉटेल. "रोममध्ये मुक्काम" म्हणजे रोमच्या बाहेर रिंगरोडजवळ, "व्हेनिसमध्ये मुक्काम" म्हणजे बेटाबाहेर, समोरच्या मेस्त्रेला. त्यात वाईट काही नाही, मेस्त्रेहून व्हेनिस ट्रेनने दहा-बारा मिनिटं, पण रात्री जेवून चौकात फेरफटका मारू हे डोक्यातून काढून टाक. तिघांना एक खोली घेऊ नकोस, तिसरा पलंग म्हणजे घडीची खाट असते आणि ती तुझ्याच वाट्याला येणार. शिवाय सिटी टॅक्स धरलाय का ते विचार, तो माणशी दर रात्रीचा हॉटेलातच मागतात. गोंडोला "ऑप्शनल" असेल. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला अख्ख्या होडीचे ९० युरो आहे आणि होडीत पाच माणसं बसतात, त्यामुळे माणशी किती लावलेत त्याचा गुणाकार करून बघ आणि मग काय ते ठरव.

---

नाईलाजाने

ग्रुप टूर कशाला? ट्रेनने फिरा. रोम-फ्लॉरेन्स फास्ट ट्रेन दीड तास, फ्लॉरेन्स-व्हेनिस दोन तास. मराठी माणूस इटलीत जाऊन पण पोहे शोधतो.

---

फिरस्ती_मावशी

@नाईलाजाने, दोन म्हातारी माणसं, तीन मोठ्या बॅगा, मिलान स्टेशनावरचं ऐनवेळचं प्लॅटफॉर्म आणि एकटी मुलगी. तुम्ही करून दाखवा, मग आम्ही पोहे सोडतो.

---

बसच्या_पुढच्या_सीटवर

मी काही वर्षं टूर मॅनेजरचं काम केलंय (कुठे ते विचारू नका) म्हणून दुसरी बाजू सांगतो.

मधूनच एक दिवस बाहेर पडता येतं, कोणी तुम्हाला बांधून ठेवत नाही, लेखी द्यायचं, त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत, झालं. भानगड ही की संध्याकाळी तुम्ही वेळेत परत आला नाहीत तर बस थांबत नाही, म्हणजे थांबूच शकत नाही. युरोपात ड्रायव्हरची ड्यूटी कायद्याने बांधलेली, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक, दिवसाचं ड्रायव्हिंग साधारण ९ तास, रात्रीची विश्रांती ठरलेली, आणि हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. लोक माझ्यावर चिडायचे की एवढं काय पाच मिनिटांचं, पण सकाळची पाच मिनिटं संध्याकाळी ड्रायव्हरच्या तासांत निघतात. आणि बाकीच्या ३८ लोकांसमोर तुमच्या बाबांना मान खाली घालावी लागेल ती वेगळीच.

म्हणून माझं ऐका, टूरच्या मध्ये नको, टूरच्या आधी जा. ग्रुपच्या दोन दिवस आधी तिघं रोमला उतरा आणि ग्रुप आला की त्यांना रोमलाच जॉइन व्हा. कंपनीच्या भाषेत याला जॉइनिंग पॅसेंजर म्हणतात, विमानाचं तिकीट वगळून फक्त जमिनीवरचे पैसे लावा म्हणायचं. जेट लॅगही त्या दोन दिवसांत जिरतो. फक्त एक नीट करा, व्हिसाच्या कागदांत ते दोन दिवस दिसले पाहिजेत, हॉटेल बुकिंगसकट, आणि इन्शुरन्सही पहिल्या दिवसापासून हवा (शेंगेनला, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाला, ३० हजार युरोचं कव्हर लागतंच). ग्रुपच्या गठ्ठ्यात तुमचे कागद डोळे मिटून जाऊ देऊ नका.

आईंबद्दल: चालणं खूप आहे. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बसला बंदी, लांब उतरवतात. पिसाला पार्किंगपासून मनोरा लांब. व्हेनिसला बस बेटाच्या टोकाला थांबते, पुढे बोट, आणि बोटीतून उतरल्यावर पायऱ्यापायऱ्यांचे पूल, त्यातल्या काहींना कठडा आहे म्हणावा असा नाही. रोममध्ये छोटे चौकोनी दगड बसवलेले रस्ते, नवीन गुडघ्याला ते पायऱ्यांपेक्षा जास्त त्रास देतात, चप्पल-सँडल अजिबात नको. व्हॅटिकन म्युझियममध्ये ओळखपत्र ठेवून व्हीलचेअर मोफत मिळते, लाजायचं नाही, घ्यायची. आतलं चालणं बाहेरच्यापेक्षा जास्त आहे.

---

पेरुजा_ते_परभणी

अरे वा, मोंतोनेचं नाव या साइटवर वाचेन असं वाटलं नव्हतं! मी पेरुजाला राहते, मोंतोने इथून उत्तरेला चाळीसेक किलोमीटर. डोंगराच्या डोक्यावर तटबंदीतलं छोटं गाव आहे, खाली तिबेर (टायबर) नदीचं खोरं. ट्रेन जात नाही, बसच्या भरवशावर राहू नका, रविवारी तर नाहीच.

मी असं करेन. रोमहून ट्रेनने आरेत्झोला या, फ्लॉरेन्सच्या लाइनवरच आहे. एक रात्र तिथे काढा. आरेत्झोलाच युद्धातल्यांचं मोठं कब्रस्तान आहे, हजाराच्या वर जणांचं, आणि त्यात आपले खूप आहेत. ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे तिथे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नावं वाचत वाचत चालत होते, एका दगडावर हिंदी, पुढच्यावर उर्दू, आणि मला कोणी ओळखीचं नसतानाही कोणीतरी ओळखीचं सापडेल असं वाटत राहिलं. गवत इतकं नीट कापलेलं की पाय टाकायला संकोच होतो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, इथे तिला "एन-चि-चि" म्हणतात, टॅक्सी नाही, आधी सांगून ठेवायची. आरेत्झो ते मोंतोने सव्वा तास धरा. ड्रायव्हरला सांगा वरपर्यंत नेऊन सोड, आतल्या गल्ल्या चढाच्या आहेत. जायच्या आधी तिथल्या कोमूनेला, म्हणजे आपली नगरपालिका, दोन ओळींचा मेल टाका, इटालियनमध्ये मी लिहून देते. घाडग्यांच्या माणगावकडून आलोय म्हटल्यावर ही माणसं काय करतील सांगता येत नाही.

स्मारकावर लॅटिनमध्ये लिहिलंय त्याचा अर्थ "सगळे एकाच सूर्याखाली". दुपारी उन्हाचं जा, ढग असले तर घड्याळ चालणार नाही :)

एक अजून, बाबांना आधी सांगून ठेवा की घाडग्यांची समाधी मोंतोनेत नाही, कुठेच नाही. नाव आहे ते कासिनोच्या स्मारकावर, रोमच्या दक्षिणेला. तिथे पोचल्यावर कळलं तर वाईट वाटेल.

---

कुंभेघाट

काय लिहू... धाग्यावर इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. समाधीचं बाबांना माहीत होतं. "माहितीये मला" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

आधी जायची आयडिया पक्की. कंपनीला फोन केला, जमेल म्हणाले, पण तिकिटाचे पैसे वजा करताना त्यांचा आकडा आणि माझा आकडा यांची गाठ पडत नाहीये, भांडतेय. आणि मावशी, तुमची क्रियापदं लावून बघितली, स्वस्तवाल्याकडे कलोसियम फोटो स्टॉप आणि उफ्फिझी नाहीच. तिकडेच गेले २७ हजार.

आईच्या खाण्याचं कोणी सांगता का? टूरमध्ये रात्रीचं भारतीय जेवण आहे पण आधीचे दोन दिवस आणि रोजची दुपार?

---

पेरुजा_ते_परभणी

दुकानातला सुका पास्ता सहसा बिनअंड्याचा, पण "ताजा" पास्ता म्हणजे अंडं, उलटं वाटतं ना. मरिनारा पिझ्झा सांगा, नावात समुद्र आहे पण वर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. पार्मेजानो चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, पेकोरीनो चीजमध्येही सहसा प्राण्याचंच, चालत नसेल तर "सेंझा फोर्माज्जो" (चीज नको) पाठ करा. भाज्यांच्या सुपात मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. आणि पिसाला चेचीना शोधा, हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडं, तेलावर भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. आई खूश होईल. हे तर आपलंच धिरडं म्हणेल. बार म्हणजे दारूचा नाही, कॉफीचा, उभ्याने प्यायलात तर स्वस्त, बसलात की बिल वाढतं.

---

कुंभेघाट

शेवटचा प्रश्न, हसू नका. बाबांना माणगावची चिमूटभर माती, एक नारळ आणि पेढे न्यायचेत. कस्टम्समध्ये अडवतील का?

---

बसच्या_पुढच्या_सीटवर

हसत नाही. माती नको, बाहेरची माती युरोपात आणायला बंदी आहे. पेढेही नको, दुधाचे पदार्थ चालत नाहीत, तूप-पनीर पण त्यातच आलं. नारळ मात्र गंमत म्हणजे चालतो, बिनसर्टिफिकेटची जी चार-पाच फळं युरोपात आणता येतात त्यात नारळ आहे, केळं आहे, अननस आहे. पण एअरलाइनचं वेगळं, त्यांना विचारा, आणि सुकं खोबरं तर नकोच, ते पेट घेतं म्हणून धोक्याच्या मालात धरतात. मी म्हणेन नारळ आरेत्झोच्या सुपरमार्केटात घ्या. काडेपेटीही तिकडेच.

---

कुंभेघाट

बाबांना वाचून दाखवलं. नारळ तिकडचा चालेल म्हणाले. मातीचं काही बोलले नाहीत. अगरबत्तीचा पुडा मात्र आत्ताच बॅगेत टाकलाय, व्हिसाची अपॉइंटमेंट अजून मिळायचीय.